नाटकाचे कपडे शिवायला शिकताना: कापडाच्या ओळखीपासून पहिल्या बाराबंदीपर्यंत

ऐतिहासिक एकांकिका बसवायची ठरली की बहुतेक हौशी संस्थांची पावलं ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे, वळतात. तिथून साटनचा अंगरखा येतो. तो कुणालाही होईल इतका ढगळ असतो, मागून चार पिना मारून तो नटाच्या अंगावर बसवला जातो आणि तिसऱ्या प्रवेशात मुजरा करताना बगलेत उसवतो. यात ड्रेपरीवाल्याचा दोष नाही, कारण अनेक नटांना चालावा म्हणूनच तो कपडा तसा शिवलेला असतो. पण एकाच नटाच्या अंगासाठी आणि त्याच्या हालचालींसाठी बेतलेला कपडा रंगमंचावर किती काम करतो, हे एकदा पाहिलं की भाड्याच्या कपड्यावर मन रमत नाही. नट ताठ उभा राहतो, तलवारीचा हात मोकळा फिरतो, मांडी घालताना कपडा सावरावा लागत नाही. हे सगळं बेतण्यात आणि शिवणीत असतं. जरीकाम आणि टिकल्या त्यानंतरच्या.

ज्यांनी आजवर फार तर शर्टाचं बटण लावलं आहे, त्यांना एक बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा, नीट शिवता यावी एवढ्यासाठी हा लेख आहे. बाराबंदीच का, तर ती सरळ कापाची आहे. तिला टक्स नाहीत, कॉलर नाही, काजं नाहीत, आणि तरीही धागा, माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), बगल, उरेब पट्टी, बंद हे सगळं ती शिकवते. शिवाय मराठी रंगभूमीवर तिला मरण नाही. एकदा शिवलेली बाराबंदी मावळ्याला, शेतकऱ्याला, कीर्तनकाराला, लोकनाट्यातल्या सोंगाड्याला, सगळ्यांना लागते.

आधी कापड हातात घ्या

मशीन विकत घेण्याआधी कापडबाजारात एक चक्कर मारा, आणि त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. पुण्यात रविवार पेठेतली कापडगंज, मुंबईत मंगलदास मार्केट, लेस-गोट्यासाठी भुलेश्वर. तुमच्या गावातही असा एखादा रस्ता असेलच. कापड चिमटीत धरून चोळा, मुठीत आवळून सोडा, ताग्याचं टोक हातावर सोडून ते कसं पडतं ते बघा. आवळून सोडल्यावर चुण्या तशाच राहिल्या तर बहुधा सुती, लगेच उलगडलं तर त्यात पॉलिस्टर आहे. आणि प्रत्येक दुकानात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायची सवय लावा. ३६, ४४ आणि ५८ इंच हे नेहमीचे पन्हे. मीटरला ९० रुपयांचं ३६ पन्ह्याचं कापड हे १२० रुपयांच्या ५८ पन्ह्याच्या कापडापेक्षा महाग पडतं. नुसता मीटरचा भाव ऐकून बजेट मांडणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

घरी आणलेल्या तुकड्यावर पहिला धडा धाग्याचा. कापडाच्या दोन्ही कडांना जी घट्ट विणलेली किनार असते, तिच्या समांतर जातो तो उभा धागा, म्हणजे ताणा. तिला काटकोनात जातो तो आडवा, म्हणजे बाणा. किनारीच्या दिशेने कापड ओढा, ते जवळजवळ ताणलं जात नाही. आडवं ओढा, किंचित सैल येतं. आता कोपरा धरून तिरपं ओढा, कापड लांबतं आणि मधे अरुंद होतं. हा उरेब. गळ्याची गोलाई बांधायला उरेब पट्टी का लागते आणि बाही तिरकी कापली तर ती हातावर पिळवटून का बसते, ही दोन्ही उत्तरं या एका ओढण्यात आहेत. शिवणीतले निम्मे घोटाळे शिवताना होतच नाहीत, ते कापताना झालेले असतात. कापडाचं टोक धाग्यात सरळ आहे का, हे पाहायला टोकाजवळचा एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढा. तो निघाला की एक बारीक रेघ दिसते, त्या रेघेवर कापा. सुती कापड दुकानदार फाडून देतो तेव्हा चिडू नका. फाडलेलं टोक कात्रीने कापलेल्या टोकापेक्षा सरळ असतं.

दुसरा धडा पाण्याचा. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि खळ गेल्यावर कापड आटतं. मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर सहज जातात, हातमागाच्या खादीत त्याहूनही जास्त. म्हणून सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं आणि थोडं दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करायची. त्यानंतरच त्याला कात्री लावायची. प्रयोग आठवड्यावर आला की ही पायरी गाळावीशी वाटते. गाळू नका. पहिल्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर चढते आणि तिला खाली आणायला काही उपाय उरत नाही.

तिसरा धडा जाळून पाहण्याचा. कापडाचे चार धागे ओढून चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं असू द्या आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा भराभर जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने उडेल अशी मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर आखडत जळतात, केस जळल्याचा वास येतो, उरलेली काळी गुठळी चिमटीत चुरडली जाते. पॉलिस्टर आधी ज्योतीपासून दूर पळतं, मग वितळतं, थेंब पडतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो, तो फुटत नाही. दुकानदाराने ‘आर्ट सिल्क’ म्हणून दिलेलं कापड नेमकं काय आहे हे एका मिनिटात कळतं. नाटकवाल्यांना हे कळायलाच हवं, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं रंगाचं: सुती कापडाला चालणारा रंग पॉलिस्टरला लागत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: मशाल, समई किंवा पणती घेऊन वावरणाऱ्या पात्राच्या अंगावर पॉलिस्टर नको. ते पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं.

सुरुवातीला चार कापडं पुरेत. सरावाला आणि कच्च्या मापाच्या कपड्याला मांजरपाट. अस्तराला आणि फेट्याला मलमल. अंगरखा-बाराबंदीला खादी किंवा जाडसर सुती. सरदाराच्या शेल्याला, पट्ट्यांना थोडं ब्रोकेड. मखमल आणि साटन यांना पहिल्या वर्षात हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. साटन सुईखाली घसरतं आणि प्रत्येक टोचलेलं भोक कायमचं दिसतं. मखमलीला लव असते. एक तुकडा लवेच्या दिशेने आणि दुसरा उलटा कापला गेला तर दिव्याखाली ते दोन वेगळ्या रंगांचे दिसतात.

हत्यारं

फार लागत नाहीत. ९ किंवा १० इंची कापडाची कात्री, मेरठची मिळाली तर उत्तम. ती कागदाला कधीही लावायची नाही, कागदाला वेगळी कात्री ठेवा. मोजपट्टी, टेलरचा खडू, टाचण्या, उसवणी, हातशिलाईच्या सुया, मेणाचा तुकडा, खाकी कागद आणि इस्त्री. या यादीत इस्त्रीला कमी लेखू नका. प्रत्येक टीप मारली की ती तिथल्या तिथे इस्त्रीने बसवायची आणि मगच पुढची टीप. नवख्याचा कपडा आणि कसलेल्या शिंप्याचा कपडा यांत लांबून दिसणारा फरक बहुतेक वेळा इस्त्रीचा असतो.

मशीन जुनं पायमशीन असलं तरी चालेल. घरात आजीचं मशीन पडून असेल तर ते तेलपाणी करून घ्या. सरळ टीप देणारं जड लोखंडी मशीन खादीचे चार पदर आरामात शिवतं, जे बरीच नवी हलकी मशीनं करत नाहीत.

हातशिलाईचे तीन टाके

धावदोरा, उलटी टीप आणि तुरपाई. एवढे तीन टाके हातात बसले तर प्रयोगाच्या दिवशी विंगेत काहीही उसवलं तरी तुम्ही ते सावरू शकता. धावदोरा कच्च्या शिवणीला. उलटी टीप जिथे ताण येतो तिथे, म्हणजे बगल, आसन (दोन पायांमधली जागा) आणि बंदांची मुळं. तुरपाई खालची दुमड बसवायला. तिचा टाका उलट बाजूने दिसावा, सुलट बाजूला फक्त एक धागा उचलला जावा. दोरा हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेऊ नका, गुंता होतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर तो पिळवटत नाही. रोज रात्री मांजरपाटाच्या वीतभर तुकड्यावर तिन्ही टाक्यांची एकेक ओळ घाला. टाका सारखा आला की पुढे जा, तोवर घाई नको.

मशीनवर

पहिले काही दिवस दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर शिवा. रेघेवरून सुई नेणं, कोपऱ्यावर सुई आत ठेवून दाबपट्टी उचलणं, कागद वळवणं आणि वेग पायाच्या ताब्यात ठेवणं, एवढंच शिकायचं. मग दोरा ओवून मांजरपाटावर.

सुईचा नंबर कापडाप्रमाणे बदलतो: मलमलीला ११, साध्या सुतीला १४, खादी-केसमेंटला १६, आणि अनेक पदर एकत्र येतात तिथे १८. बोथट सुई टाके चुकवते आणि कापडाचा धागा ओढते, तरी लोक मशीनलाच शिव्या देतात. आधी सुई बदलून पाहा. खालून दोऱ्याचे झुपके येत असतील तर बहुतेकदा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा. नव्या कापडावर काम सुरू करण्याआधी त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर टीप मारून ताण तपासायचा, हा नियम कधी मोडू नका.

नटाची मापं

नेहमीची मापं असतातच: छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो बगलेभोवतीचा घेर), मनगट, उंची. नाटकासाठी आणखी काही लागतात. मानेच्या मागच्या उंच हाडापासून खांद्यावरून, कोपर किंचित वाकवून मनगटापर्यंतचं माप. पुढे कंबरेपासून दोन पायांमधून मागे कंबरेपर्यंतचं माप, सुरवारीच्या आसनाला. पगडी किंवा मंदील असेल तर डोक्याचा घेर. मापं घेताना नटाला त्याच्या भूमिकेतल्या हालचाली करायला लावा. मांडी घालून बसू दे, वाकून मुजरा करू दे, दोन्ही हात डोक्यावर नेऊ दे. हात वर नेल्यावर बगलेपासून कंबरेपर्यंतचं अंतर किती वाढतं हे पट्टीवर दिसतं, आणि बगलेतला चौकोनी तुकडा कशासाठी असतो हे तिथेच कळतं.

पात्र म्हातारं दाखवायचं असेल, पोट दाखवायचं असेल, तर आत जे काही बांधायचं आहे ते बांधूनच माप घ्या.

बाराबंदी

उदाहरणादाखल छाती ३८ इंच, मानेच्या हाडापासून मनगट ३३ इंच, खांद्यापासून तयार उंची २६ इंच असा नट धरू. ४४ पन्ह्याचं कापड अडीच मीटर पुरतं, भिजवल्यावर आटेल ते धरून.

३८च्या छातीला ६ इंच सैल सोडा, म्हणजे तयार घेर ४४ होतो. शर्टाला ४ इंच सोडतात, पण इथे हात डोक्यावर जाणार आहेत आणि आत बहुधा दुसरा कपडा असणार आहे. आता खाकी कागदावर पेपर कटिंग करा.

पाठ: घेराच्या निम्मी म्हणजे २२ इंच, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया, एकूण २४. उंची २६, खांद्याला १ आणि खाली दुमडीला २, एकूण २९. गळा मधल्या रेघेपासून दोन्हीकडे ३ इंच, खोली पाऊण इंच. खांद्याला टोकाकडे दीड इंच उतार. मुंढा कोरायचा नाही, कड सरळच राहते.

पुढचे दोन भाग: प्रत्येकी पाव घेर ११ इंच, त्यात छातीवर एकमेकांवर येण्यासाठी ६ इंच, बाजूची माया १ आणि पुढच्या कडेला अर्धा इंच. मिळून साडेअठरा इंच. उंची पाठीइतकीच. खांद्यावर गळ्याचा बिंदू पाठीशी जुळवून घ्या आणि तिथून एक किंचित फुगीर तिरकी रेघ खाली, साधारण ११ इंचांवर बाहेरच्या कडेला नेऊन मिळवा. तीच बाराबंदीची छातीवरची तिरकी रेघ.

बाही: ३३मधून पाठीचा निम्मा भाग, ११ इंच, वजा करा. उरले २२. जोडायला १ आणि मनगटाच्या दुमडीला दीड मिळवून साडेचोवीस. इथे नवखे हमखास चुकतात. खांदा सरळ कापाचा असल्यामुळे तो दंडावर उतरतो, आणि खांद्याच्या टोकापासून मोजलेली बाही घेतली तर ती बोटांपर्यंत येते. बाहीची रुंदी वर १८ अधिक माया २, मनगटाशी १० अधिक माया २.

बगलेचे दोन चौकोन: तयार ४ बाय ४, मायेसह ६ बाय ६.

बंद: १२ पट्ट्या, प्रत्येकी २ इंच रुंद, १२ ते १३ इंच लांब, उभ्या धाग्यात. आणि गळा व पुढच्या कडांसाठी सव्वा इंच रुंद उरेब पट्ट्या.

मांडणी अशी: पाठ आणि एक पुढचा भाग शेजारी शेजारी बसतात (साडेबेचाळीस इंच), त्याखाली दुसरा पुढचा भाग आणि एक बाही, त्याखाली दुसरी बाही, तिच्या शेजारी बंद आणि चौकोन, आणि उरलेल्या टोकातून उरेब. कागद टाचण्यांनी लावून सगळे तुकडे आधी कापडावर मांडून पाहा, मगच कात्री उचला.

आता शिवण. आधी बारा बंद संपवा, नंतर कंटाळा येतो. पट्टी उभी दुमडा, दोन्ही कडा आत घ्या, पुन्हा दुमडा, कडेने टीप. अर्ध्या इंचाचा सपाट बंद तयार होतो. मग खांदे जोडा आणि इस्त्रीने माया उघडून बसवा. गळा आणि पुढच्या कडांना उरेब पट्टी लावा. पट्टी लावताना ती ताणू नका, पण गळ्याच्या वळणावर मात्र अगदी किंचित ताणून धरा, म्हणजे गळा उभा न राहता अंगाला टेकतो. पुढच्या भागांची मोकळी उभी कड अर्धा इंच दुमडून टीप मारा.

बाही सपाट असतानाच जोडायची. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीशी जुळवून दोन्हीकडे ९ इंच. त्यापुढे येतो चौकोन, आणि सगळं कसब इथे आहे. चौकोनाची एक कड बाहीच्या खालच्या कडेला आणि लगतची कड पाठीच्या कडेला जोडायची. बाहीची टीप कोपऱ्यावर संपते तिथे, म्हणजे कापडाच्या कडेपासून बरोबर १ इंच आत, थांबा. दोन टाके मागे-पुढे घेऊन दोरा तोडा. कडेपर्यंत शिवत गेलात तर कोपऱ्यात चुणी अडकते आणि ती इस्त्रीने जात नाही. कोपऱ्याचा बिंदू खडूने चारही तुकड्यांवर आधीच मारून ठेवा, टाचणी त्या बिंदूतून आरपार घाला, तुकडे जुळवा आणि मग शिवा. पहिला चौकोन मांजरपाटावर करून पाहिलात तर दुसऱ्यांदा हात आपोआप वळतो. चौकोनाच्या उरलेल्या दोन कडा पुढच्या भागाला आणि बाहीच्या दुसऱ्या कडेला जोडल्या, की बाहीची खालची शिवण आणि बाजूची शिवण उरते. बाजूला खाली ४ इंच चीर सोडा, नाहीतर मांडी घालताना कपडा वर चढतो.

माया कापून टाकू नका. दोन्ही कडा दुमडून दुसरी टीप मारा किंवा ओव्हरलॉक करून घ्या, पण इंचभर माया आत राहू द्या. पुढच्या वर्षी ही बाराबंदी दुसरा नट घालणार आहे आणि त्याची छाती ४१ असू शकते.

बंद सगळ्यात शेवटी, नटाच्या अंगावर बाराबंदी घालून खडूने खुणा करून लावायचे. बंदांच्या सहा जोड्या असतात. आतला पदर आतल्या बाजूने बांधून घ्यायचा, वरचा पदर त्याच्यावर. प्रत्येक बंदाच्या मुळाशी चौकट आणि तिच्या आत फुली अशी टीप मारा. नुसत्या एका टिपेवर टांगलेला बंद तिसऱ्या प्रयोगाला हातात येतो.

पदर कोणत्या बाजूला बांधायचा, हे चित्र पाहून ठरवा. मुघलकालीन लघुचित्रांत हिंदू पुरुषांचा जामा (घेरदार लांब अंगरखा) डाव्या बगलेकडे आणि मुसलमान पुरुषांचा उजव्या बगलेकडे बांधलेला दिसतो. मराठे आणि मुघल समोरासमोर उभे असणाऱ्या नाटकात एवढ्या एका गोष्टीने रंगमंचावरचे दोन गट प्रेक्षकाला नकळत वेगळे होतात, त्यासाठी हिरवा-भगवा रंग वापरावा लागत नाही.

कपडा रंगमंचावर न्यायचा तेव्हा

घरातल्या ट्यूबलाइटखाली सुंदर दिसलेलं कापड प्रकाशयोजनेत वेगळंच दिसतं. पांढराशुभ्र मांजरपाट दिव्याखाली भगभगतो आणि नटाच्या चेहऱ्याकडे लक्ष जात नाही. त्याला चहाच्या पाण्यात बुडवून हस्तिदंती करून घ्या. साधं माप म्हणजे बादलीभर उकळत्या पाण्यात मूठभर चहापत्ती फडक्यात बांधून सोडायची, कापड आधी साध्या पाण्यात भिजवून मग त्यात पंधरा-वीस मिनिटं सतत हलवत ठेवायचं. कोरडं कापड टाकलं किंवा हलवायचं थांबलात तर डाग धरतात. हिरवं कापड लाल प्रकाशात काळपट होतं, निळं पिवळसर प्रकाशात करडं पडतं. म्हणून कापड घेण्याआधी अर्धा मीटर आणा आणि प्रकाशयोजनाकाराला दाखवा. कपड्यांवरून होणारे रंगीत तालमीतले निम्मे वाद यानेच टळतात.

नव्या कपड्यातला मावळा लढाईवरून आलेला वाटत नाही. कोपर, गुडघे, गळ्याची कड आणि बाहीचं टोक, जिथे खरा कपडा झिजतो तिथेच पॉलिश पेपर घासा. खाली मातकट रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने लावा. सगळीकडे सारखी धूळ फासली तर ती फासलेलीच दिसते.

दोन प्रवेशांमध्ये झटपट कपडा बदलायचा असेल तर सहा जोड्या बांधत बसायला वेळ नसतो. वरचे बंद कायमचे बांधून शिवून टाका आणि त्यांच्याखाली मोठी टिचबटणं लावा. आतली एकच जोडी खरी ठेवा. वेल्क्रो सोपं वाटतं, पण शांत प्रवेशात विंगेतून त्याचा चर्रकन येणारा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. बगलेत आतून सुती कापडाच्या सुट्या गाद्या टिचबटणांनी लावा. घाम त्या शोषतात, प्रयोगानंतर काढून धुता येतात आणि जरीचा कपडा वाचतो.

नऊवारीबद्दल थोडं

शिवलेली नऊवारी बाजारात तयार मिळते आणि बऱ्याचदा ती पायजम्यासारखी बसते. कारण नेसणं न शिकता तिची शिवण शिकली जाते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. ते कापड कंबरेभोवती कसं फिरतं, निऱ्या कुठे पडतात, कासोटा मागे कुठे खोचला जातो, हे आधी एखाद्या जाणत्या आजीकडून किंवा मावशीकडून स्वतःच्या अंगावर नेसून शिका. मग नटीला नेसवा, तिला चालायला, बसायला, गिरकी घ्यायला लावा. जिथे साडी सुटते तिथे टाचणी, मग धावदोरा. साडी न कापता, फक्त निऱ्या आणि कासोटा कच्च्या टाक्यांनी पक्का करून कंबरेला नेफ्यात नाडी घातली तर प्रयोग संपल्यावर टाके उसवून साडी पुन्हा साडी होते. चोळीला खण वापरणार असाल तर त्याचा पन्हा लहान असतो, मापं घेऊन मगच खरेदीला जा.

डोळ्यांचा अभ्यास

शिवण हाताला येते, पण काय शिवायचं हे डोळे सांगतात. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं पाहायला मिळतात. तिथे वही घेऊन जा. नक्षीपेक्षा शिवण कुठे आहे, कापड कुठे जोडलं आहे, घेराच्या कळ्या (घेर वाढवायला जोडलेले तिरके तुकडे) किती आहेत ते टिपा. पेशवाईच्या नाटकासाठी जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात राहून काढलेली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं बघा. मलमलीचा जामा इतका तलम असतो की आतलं अंग जाणवतं. साटनच्या चकचकीत पेशव्याची सवय झालेल्या डोळ्यांना हे पाहणं फार गरजेचं आहे.

कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तो पुरस्कार त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळाला. त्या चित्रपटातले भारतीय पात्रांचे कपडे आठवा: धोतरं, उपरणी, साध्या साड्या, खादी. पात्र, काळ आणि कापड यांचा मेळ बसला की साधं सुतीही पडदा भरून टाकतं. ज्यांना वाटतं वेशभूषा म्हणजे भरजरी, त्यांनी तो चित्रपट फक्त कपडे पाहण्यासाठी एकदा पुन्हा पाहावा.

शिकायचं कुठे

शासकीय आयटीआयमध्ये शिवणकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत आणि शुल्क खासगी क्लासच्या मानाने कमी असतं. नोकरी करणाऱ्यांना गल्लीतला शिवणक्लास बरा. तिथे परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस एवढंच शिकवतात म्हणून नाक मुरडू नका. कटोरी ब्लाउज नीट बसवता येणाऱ्या बाईला अंगरखा शिवायला फार वेळ लागत नाही. तिसरा मार्ग मला सगळ्यात जवळचा वाटतो: ओळखीच्या टेलरकाकांकडे संध्याकाळी तासभर बसायची परवानगी मागा, उसवायची कामं आपणहून घ्या. कपडा उसवताना तो कोणत्या क्रमाने शिवला गेला ते उलट दिशेने दिसत जातं, आणि ते कोणत्याही व्हिडिओत इतकं स्पष्ट दिसत नाही.

बाराबंदीनंतर सुरवार करा, मग कळ्यांचा अंगरखा, मग अस्तर लावलेला कोट. प्रत्येक तयार कपड्याच्या आत, मानेजवळ, सुती पट्टीवर मार्करने छाती, उंची, मायेत किती इंच शिल्लक आहे आणि कापड काय आहे हे लिहून शिवा. प्रयोगानंतर कपडे घामट असतानाच पेटीत भरू नका, उलटे करून रात्रभर वाऱ्यावर टांगा. सुती धुऊन, जरीचे जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा, आणि जरीजवळ डांबरगोळ्या ठेवू नका, ती काळी पडते.